'तोंड दाखवू नको' असं ग्रुपवर लिहिलं मी आणि पोरगं पाय मोडून बसलंय, माझी जबाबदारी किती?

ऊसवाला साहेब

नमस्कार मंडळी. आयडी नवीन काढलाय, का ते वाचलं की कळेल. मी एका साखर कारखान्याच्या शेती खात्यात गट ऑफिसर आहे, कारखाना कुठला ते कृपया विचारू नका. माझ्या हाताखाली सात चिटबॉय, म्हणजे फडावर ऊसतोडीच्या चिठ्ठ्या बघणारी पोरं. त्यातलं एक पोरगं सव्वीस वर्षांचं, कामाला वाघ, ऊसतोड टोळीवाल्यांकडून खुशालीचा (वरकमाईचा) एक रुपया स्वतःच्या खिशात न घालणारं, फक्त तोंडानं फटकळ.

तर झालं असं की फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका गावात दूध डेअरीच्या कट्ट्यावर शेतकऱ्यांनी त्याला घेरला, की आमची उसाची लागण जुलैची, अजून तोड नाही, आणि ऑगस्टच्या लागणीला टोळी कशी काय गेली. त्यांचं बरोबरच होतं. तो प्लॉट मीच वर घेतला होता, फोन आला होता, कुणाचा ते समजून घ्या. मी गाडीवरनं उतरतोय तोवर पोरगं म्हणालं, 'मला काय विचारताय, नंबर साहेबांनी बदलायला लावला, हे बघा आलेच, त्यांनाच विचारा.' पंधरा-वीस माणसं खो खो हसली. एक म्हातारा म्हणाला, 'साहेबाचा प्रोग्राम वहीत नसतोय, फोनात असतोय.' मी पण हसल्यासारखं केलं, चहा घेतला, पण आतून जे पेटलं ते पेटलं. बावीस वर्षं झाली या लाईनीत, असं कुणी बोललं नव्हतं. खोटं बोलला असता तर एवढं लागलं नसतं बहुतेक.

त्याच रात्री गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, तेवीस माणसं आहेत त्यात, मी त्याचं नाव घालून लिहिलं की उद्यापासून तुझ्या सेंटरच्या रोज सहा खेपा, पूर्ण झाल्याशिवाय गट ऑफिसला तोंड दाखवायचं नाही. त्याच्याकडं तीन टोळ्या, त्यातल्या एका टोळीतले चार कोयते, म्हणजे तोडणीचे मजूर, पळून गेलेले. चार खेपा निघाल्या तरी नशीब अशी परिस्थिती, आणि हे मला माहीत होतं. त्यानं फक्त 'ओके सर' टाकलं.

तिसऱ्या रात्री दीडच्या सुमाराला सहावी गाडी भरून फडातनं बाहेर काढताना ट्रॅक्टर रुतला. पाणी पाजलेलं रान शेजारी. दुसऱ्या ट्रॅक्टरचं टोचन लावलं, साखळी तुटली, मागची ट्रॉली ढळली आणि हा बांधाला उभा राहून बॅटरी दाखवत होता. गुडघ्याखाली पाय दोन ठिकाणी मोडला. गडहिंग्लजला नेला, तिथनं कोल्हापूरला. रॉड घातलाय. डॉक्टर म्हणतात चालेल पण वर्ष जाईल.

मी भेटून परत येताना नेसरीच्या खिंडीपाशी गाडी थांबवली. शेकडो वेळा गेलोय तिथनं, थांबलो कधी नव्हतो. प्रतापराव गुजरांचं स्मारक आहे. लहानपणापासून ऐकलेलं, महाराजांनी लिहिलं की तोंड दाखवू नका आणि सरनौबत, म्हणजे सेनापती, सहा जणांना घेऊन खानाच्या फौजेत घुसले. मला एकदम घाम फुटला कारण शब्द तेच होते. मी काही त्यांचं पत्र आठवून लिहिलं नव्हतं, पण आपल्या तोंडात बसलेलेच असतात असले शब्द. घरी येऊन पहिलं काम काय केलं तर ग्रुपवरचा तो मेसेज डिलीट करायला गेलो, मुदत टळून गेलेली, तेव्हा फक्त माझ्या मोबाईलमधनं उडवला. बाकी बावीस जणांकडं आहेच.

प्रश्न दोन आहेत. एक, साखळी तुटणं हा अपघात, त्यात माझी जबाबदारी किती धरायची? आणि दुसरा, जाणकारांसाठी, प्रतापरावांच्या बाबतीत महाराजांना दोष लागतो का, स्वतः महाराजांना तसं वाटलं होतं का? मला धीर पाहिजे म्हणून विचारत नाही. म्हणजे थोडा पाहिजेच आहे.

कोकणातला तुका

साहेब तुम्ही साखळी तोडलीत का? नाही ना. मग? हंगामात टार्गेट कोण देत नाही. आमच्या डेपोत साहेब रोज आईबहीण काढतो, आम्ही एका कानानं ऐकतो नि दुसऱ्यानं सोडतो. पोराला भेटायला जा, फळंबिळं न्या, हॉस्पिटलचा थोडा खर्च उचला, विषय संपला. उगाच इतिहासात शिरू नका, तिथनं कोण लवकर बाहेर येत नाही.

मोडीवाचक

दुसऱ्या प्रश्नाचं मी लिहितो, पहिल्याचं इतर लोक बघतील.

आधी काय घडलं ते नीट लावून घेऊ, कारण गाणी-पोवाडे ऐकून आपल्या डोक्यात फक्त शेवटचा सीन असतो. १६७३ च्या मार्चमध्ये कोंडाजी फर्जंदनं साठ माणसांनी पन्हाळा घेतला. तो परत घ्यायला विजापूरहून बहलोलखान निघाला. प्रतापरावानं त्याला जतजवळ उमराणीला गाठला, एप्रिल महिना, पाण्याची वाट तोडली, उन्हात खानाची फौज आणि जनावरं तडफडायला लागली. खान गयावया करायला लागला आणि प्रतापरावानं त्याला वाट दिली. सोडून दिला. महाराजांचा सवाल, सभासद बखरीच्या भाषेत, 'सला काय निमित्य केला?' तह का केलास. आणि महाराजांचा राग खरा ठरला, खान काही महिन्यांत परत स्वराज्याच्या मुलखावर आला. तेव्हा ते पत्र गेलं, की बहलोलला बुडवून फत्ते करणे, नाहीतर तोंड न दाखविणे.

२४ फेब्रुवारी १६७४, महाशिवरात्र, त्या दिवशी नेसरीला प्रतापराव पडला. जेधे शकावलीत, म्हणजे जुन्या तारीखवार नोंदींत, तसं आहे. आणि राज्याभिषेक ६ जूनला. म्हणजे साडेतीन महिन्यांवर राज्याभिषेक आलेला, रायगडावर तयारी चालू असणार, आणि सरनौबत गेला. तिथं मानाच्या जागी हंबीरराव मोहिते उभे राहिले.

आता दोन गोष्टी ज्या सहसा कुणी एकत्र ठेवून बघत नाही. पहिली, प्रतापरावाच्या आधीचा सरनौबत नेताजी पालकर. १६६६ च्या जानेवारीत महाराज पन्हाळ्यावर चालून गेले, नेताजी वेळेवर पोचला नाही, हल्ला फसला. 'समयास कैसा पावला नाहीस' म्हणून महाराजांनी त्याला दूर केला. नेताजी रागानं विजापूरकडं गेला, तिथनं मोगलांच्या मिर्झाराजाकडं, मग औरंगजेबानं धरून मुसलमान केला, मुहम्मद कुलीखान नाव, अफगाणिस्तानच्या मोहिमेवर पाठवला. १६७६ ला परत आला तेव्हा महाराजांनी त्याला परत धर्मात घेतला. म्हणजे कुडतोजी गुजर ज्या खुर्चीवर प्रतापराव म्हणून बसला ती खुर्ची कशी रिकामी झाली हे त्याला रोज दिसत होतं. एका चुकीवर आधीच्याचं काय झालं हे माहीत असलेल्या माणसाला 'तोंड दाखवू नको' हे पत्र कसं वाचायला आलं असेल ते बघा. महाराजांना फत्ते पाहिजे होती. वाचणाऱ्यानं त्यात 'मर' वाचलं.

दुसरी गोष्ट सभासदाची. हा कृष्णाजी अनंत सभासद, जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून बखर लिहितोय, घटनेला वीसेक वर्षं झालेली. आणि राजाराम महाराजांचं पहिलं लग्न कुणाशी, तर प्रतापरावाच्याच मुलीशी, जानकीबाई, १६८० च्या मार्चमध्ये, थोरल्या महाराजांच्या मृत्यूच्या आधी काही दिवस. म्हणजे ज्याच्या घरातला तो माणूस गेला होता तोच आता बखर लिहून घेत होता, एवढं लक्षात ठेवून वाचायचं. त्यात महाराज बातमी ऐकून म्हणतात 'आज एक बाजू पडली', आणि लगेच पुढं, 'प्रतापरावास आपण लेहून पाठविले की फत्ते न करितां तोंड न दाखविणे'. आपण लेहून पाठविले. कारभाऱ्यानं लिहिलं, दूतानं चुकीचं सांगितलं, प्रतापरावच तापट होता, असलं काही नाही. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर, हो, वाटलं होतं, आणि बोलून दाखवलं होतं.

करवीरचा मावळा

मोडीवाचक साहेब तुमचा अभ्यास मान्य पण मूळ धागाच चुकीचा आहे. ऊसवाले साहेब, छत्रपतींना तुमच्या डेअरीच्या कट्ट्यावर ओढू नका. महाराजांचा राग हा राज्याचा राग होता. खान सोडला म्हणजे पुढं किती गावं जळणार, किती बाया-पोरं उघड्यावर येणार हा हिशोब होता त्यात. तुमचा राग कशाचा? चारचौघात खरं बोललं म्हणून. चूक तुमचीच, लागणीची तारीख डावलून नंबर तुम्ही बदलला, पकडले गेलात, आणि पकडणाऱ्याला शिक्षा दिलीत. याला अहंकार म्हणतात. प्रतापरावानं राज्याचा शत्रू सोडला होता, तुमच्या पोरानं काय सोडलं होतं? हे दोन एका वाक्यात बसवायची हिंमतच कशी होते. खिंडीत थांबला तिथं नतमस्तक व्हायचं आणि गप घरी यायचं.

आणि अजून एक. महाराज कडक लिहायचे ते कसं लिहायचे ते बघा. १६७५ ला प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक, त्यानं पद्मदुर्गाच्या कामाला आणि आरमाराला रसद पोचवली नाही, त्याला जे पत्र गेलंय ते वाचा, अंगावर काटा येतो. पण त्यात काय पाठवायचं होतं, काय पोचलं नाही, त्यानं राज्याचं नुकसान काय झालं हे सगळं आहे. तुमच्या मेसेजमध्ये काय होतं? चार खेपांची ताकद असताना सहाचा आकडा. तो आकडा तुम्ही कुठनं काढला ते सांगा बरं इथं.

ऊसवाला साहेब

मावळे, झोंबलं पण खोटं नाही. आकडा कुठनच काढला नाही. त्या वेळी पाच लिहिणार होतो, मग वाटलं पाच तो करून दाखवेल. म्हणून सहा.

हे लिहिताना पहिल्यांदा कळतंय मला पण, की मला त्याला फेल करायचं होतं. परत कट्ट्यावर तो बोलायला लागला की म्हणता आलं असतं, तुझ्या खेपा बघ आधी. एवढंच पाहिजे होतं. पाय मोडावा असं काही मनात नव्हतं हो. पण त्यानं पहिल्या रात्री सहा केल्या, दुसऱ्या रात्री सहा केल्या, दोन रात्री झोपला नव्हता, टोळीला स्वतःच्या खिशातनं चहा-वडापाव घालून. मुकादमानं सांगितलं मला हॉस्पिटलात. मी दोन्ही सकाळी रिपोर्टात सहाचा आकडा बघितला आणि ग्रुपवर अंगठा पण टाकला नाही.

मुकादमाची लेक

मी बीडची, आई-बापाबरोबर नऊ हंगाम फडात काढलेत, पाचटाच्या कोपीत राहून अभ्यास केला, आता नर्स आहे. तुम्ही सगळे महाराज महाराज करताय म्हणून मी रात्रीचा फड कसा असतो ते सांगते.

गाडी भरायची म्हणजे फळीवरनं मोळी डोक्यावर घेऊन चढायचं. थंडीत फळीवर दव पडतं, पाय सरकतो. बाई असेल तर पोटाला लेकरू नाहीतर खाली पाचटात झोपवलेलं. ट्रॅक्टरवाल्याला लवकर कारखान्याच्या वजनकाट्याला जाऊन नंबर लावायचा असतो, तो एक्सलेटर देत ओरडत असतो. आणि चिटबॉय, तो बिचारा कुणाचाच नसतो. शेतकरी त्याला कारखान्याचा माणूस म्हणतो, कारखाना त्याला रोजंदारीवर ठेवतो, टोळीला वाटतं हाच आपल्याला जुंपतो. सहा खेपा म्हणून तुम्ही एकाच पोराला लिहिलं पण त्या सहा खेपा तीन टोळ्यांनी भरल्यात, चार कोयते कमी असताना. त्यातल्या बायका पण दोन रात्री झोपल्या नसणार. त्यांचं नाव तुमच्या पोस्टमध्ये नाही. ट्रॉली ढळली तेव्हा मागं मोळी घेऊन कुणी उभं असतं तर?

बाकी तुमची जबाबदारी किती टक्के ते मला नाही कळत. मला एकच विचारायचंय. अपघाताचा रिपोर्ट कारखान्यात गेला असेल. त्यात काय लिहिलंय? तो रात्री दीडला तिथं कशासाठी होता, कुणाच्या सांगण्यावरनं, हे लिहिलंय का? मी वॉर्डात रोज बघते, माणूस ड्युटीवर होता की नव्हता या एका ओळीवर घरच्यांचं सगळं अडकलेलं असतं. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा घ्या नाहीतर आताची नवीन संहिता, प्रश्न तोच, अपघात कामामुळं आणि काम करताना झाला का. फळं नेऊ नका. हे सांगा.

कोकणातला तुका

ताईंनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलं. मी वरती विषय संपला म्हटलं ते मागं घेतो.

ऊसवाला साहेब

दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण देता येत नव्हतं.

रिपोर्ट मीच लिहिलाय. लेबर ऑफिसमधनं फोन आला की साहेब जरा सांभाळून लिहा, रात्री फडात थांबायचा चिटबॉयला नियम नाही, उगाच तुमच्यावर येईल. मी लिहिलं, 'सदर कर्मचारी कार्यालयीन वेळेनंतर स्वतःहून फडात थांबला असता'. स्वतःहून. सही माझी. ज्या दिवशी नेसरीला थांबलो त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट आहे ही, म्हणजे मी प्रतापरावांच्या स्मारकासमोर उभं राहून डोळे पुसले तेव्हा हा कागद पुढं गेलेला होता. पहिल्या पोस्टमध्ये मुद्दाम लिहिलं नव्हतं.

आता बदलायचा म्हटलं तर माझ्यावर चौकशी लागते. तीन वर्षं राहिलीत रिटायरमेंटला. बायकोला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतंय मी माणुसकी म्हणून कोल्हापूरच्या चकरा मारतोय.

निवृत्त सुभेदार

मी असे धागे नुसते वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

प्रतापरावांबद्दल सगळे महाराजांचं पत्र बघतात. मी अठ्ठावीस वर्षं वर्दी घातली, मला त्या गोष्टीत कायम मागचे सहा जण दिसतात. मुंबईकर इंग्रजांसाठी काम करणारा नारायण शेणवी, त्याचं एप्रिल १६७४ चं पत्र आहे, त्यात दोन डोंगरांच्या मधल्या अरुंद जागेत सहा घोडेस्वारांसकट सरनौबत मारला गेला आणि बाकीच्या फौजेची कुमक पोचली नाही असं येतं. फौज होती. मागं होती. थांबले असते तर आली असती. शब्द प्रतापरावांना लागला होता. त्या सहा जणांना कुणी पत्र लिहिलं नव्हतं, त्यांना कुणी तोंड दाखवू नका म्हटलं नव्हतं. त्यांनी फक्त पुढं घोडा गेलेला बघितला आणि टाच मारली. शिपायाला दुसरं काही सुचत नाही, सुचू नये म्हणूनच त्याला तयार केलेला असतो. म्हणून पुढं जाणाऱ्यानं स्वतःच्या अपमानाचा हिशोब करायला निघताना मागं वळून बघायचं असतं.

हे बोललं की लोक अंगावर येतात, मावळे तुम्ही पण याल. या. प्रतापरावांच्या शौर्यावर मी बोलत नाही, माझी ती लायकी नाही. साल्हेरला १६७२ ला मोगलांच्या फौजेला उघड्या मैदानात लोळवणारा माणूस तो. पण सरनौबत एकटा पडला तर फौजेचं काय होतं हे साल्हेर जिंकणाऱ्याला कळत नव्हतं का? कळत होतं. त्या क्षणी आठवलं नाही. मानी माणसाचं असंच होतं, त्याला जखम दिसते, फौज दिसत नाही.

माझं स्वतःचं सांगतो. उंचावरच्या एका पोस्टला होतो. मी हवालदार, एका नवीन पोरानं सगळ्यांच्या देखत माझी चूक काढली, दोराची गाठ मी चुकीची मारली होती. गाठ सोडली, परत मारली, हसलो. रात्री गस्तीला कुणाला लावायचं ते माझ्या हातात होतं. त्याला सलग चार रात्री लावला. नियमानं काहीच चुकीचं नव्हतं. पाचव्या दिवशी त्याच्या पायाची दोन बोटं काळी पडली. कुणी मला विचारलं नाही, मी कुणाला सांगितलं नाही. तो घरी गेला. आज पहिल्यांदा कुठंतरी लिहितोय. साहेब, तुमच्याकडं अजून तो कागद बदलण्याजोगा आहे, माझ्याकडं तो पण नव्हता, कारण मी तोंडी लावला होता.

करवीरचा मावळा

सुभेदार साहेब अंगावर नाही येत. सहा जणांचं मी कधी असं बघितलं नव्हतं. आमच्या घरात ती तसबीर आहे, सात घोडे, मी लहान असताना मधल्या घोड्याचं नाव विचारायचो फक्त.

ऊसवाले साहेब, तुमच्यावर बोललो ते मागं घेत नाही पण आवाज कमी करतो.

मोडीवाचक

मी 'आपण लेहून पाठविले' लिहिलं तेव्हा तुमच्या रिपोर्टातलं 'स्वतःहून' मला माहीत नव्हतं. आता दोन्ही शेजारी ठेवून बघा, मी काही बोलत नाही.

एक भर मात्र घालतो, कारण धाग्यात कुणीतरी विचारेलच की कष्टी होऊन पुढं काय केलं. सभासदात महाराज दुःखाच्या त्याच वाक्यांना जोडून विचारतात की आता लष्कराचा बंदोबस्त कसा, सरनौबत कोण करावा. मला पूर्वी हे कोरडं वाटायचं. आता वाटत नाही. माणूस गेला, त्याच्या मागं घोडदळ उभं आहे, त्याची सोय लावायची आहे. प्रतापरावाच्याच फौजेतल्या आनंदरावानं फौज सावरली, महिन्याभरात खानाच्या जहागिरीतली संपगावची पेठ लुटली गेली. आणि मुलगी सून करून घेतली ती तर सहा वर्षांनी. तिथं पश्चात्ताप होता की रीत होती की दोन्ही, मला सांगता येणार नाही, पण घर विसरलं गेलं नव्हतं एवढं नक्की.

मुकादमाची लेक

तिन्ही टोळ्यांच्या बायकांचं पण बघा साहेब. पळून गेलेल्या चार कोयत्यांची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, बाकीच्यांवर फिरवू नका.

ऊसवाला साहेब

शेवटचं लिहितो मग धागा बंद करायला सांगतो ॲडमिनला.

काल सकाळी शेती अधिकाऱ्यांना भेटून दुसरा रिपोर्ट दिला. त्यात लिहिलं की सदर कर्मचारी माझ्या अमुक तारखेच्या लेखी आदेशानुसार रात्रीच्या भरणीवर हजर होता, आदेश व्हॉट्सॲपवर दिला, प्रत सोबत. प्रत माझ्या मोबाईलमध्ये नव्हती, मीच उडवलेली, म्हणून ग्रुपमधल्या दुसऱ्या चिटबॉयकडं स्क्रीनशॉट मागायला लागला. त्यानं एक शब्द न बोलता पाठवला. स्क्रीनशॉटमध्ये खाली त्याचं 'ओके सर' पण आलंय. अधिकारी बराच वेळ कागद बघत बसले, म्हणाले, 'कळतंय ना काय करताय.' मी हो म्हटलं. खरं तर पोटात गोळा आला होता. ठेवा म्हणाले, बघू. काय होईल माहीत नाही. बायकोला रात्री सांगितलं, ती काही बोलली नाही, भाकरी थापत राहिली, मग म्हणाली त्याच्या आईला फोन केला होता का. नव्हता केला. तिनंच लावला.

ग्रुपवर पण लिहिलं. लांब लिहिलं होतं, चार वेळा खोडलं, शेवटी एवढंच टाकलं की त्या दिवशी डेअरीत तो खरं बोलला होता, नंबर मी बदलला होता, आणि सहा खेपांचा आकडा मी रागानं टाकला होता, तेवढी माणसं नव्हती हे मला माहीत होतं. रात्री अकरा चाळीसला टाकलं. वाचलेल्यांची नावं मेसेजखाली वाढत गेली, कुणी काही लिहीना. मी पांघरूण घेऊन मोबाईल छातीवर ठेवून पडलो.

साडेबाराला पोराचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकट्याला. 'सर त्या रात्रीच्या सहाव्या गाडीची चिठ्ठी माझ्या शर्टाच्या खिशात राहिली होती, शर्ट हॉस्पिटलवाल्यांनी कापला. गाडी दुसऱ्या दिवशी विना चिठ्ठी काट्यावर गेली असणार. शेतकऱ्याचं टनेज लागलंय का बघा, म्हातारा रोज फोन करतोय.'

सकाळी काट्यावर जाऊन बघितलं. लागलेलं नव्हतं. आता लावून आलो.